उतरणीचा इतिहास आणि एक लाल दिवा

बोरघाटाचा इतिहास बहुधा चढणीच्या बाजूने लिहिला जातो. मला तो कुसगावहून, म्हणजे उतरणीच्या बाजूने वाचावासा वाटतो. मुंबईकडे निघालेल्या गाडीला घाटाआधी ब्रेक तपासायला इथली सपाटीच सोयीची.

घाटातली रेल्वे २१ एप्रिल १८६३ रोजी सुरू झाली. चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट होता. १८६९ मध्ये उतरणारी एक गाडी खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनात न थांबता टोकावरून खाली कोसळली. अशा धोक्यावर रेल्वेचा उपाय म्हणजे कॅच सायडिंग. तिथे सांधा एरवी बाजूच्या चढत्या रुळाकडे वळवलेला असतो. गाडी थांबली तरच मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक शाबूत असल्याचा पुरावा गाडीनेच द्यायचा.

मोटारीत हा पुरावा मागणारे कोणी नव्हते. ब्रेक ऑइलचा मार्ग एकच असल्याने एक नळी फुटली की पेडल थेट तळाला जाई. अमेरिकेने १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग आणि इशाऱ्याचा दिवा सक्तीचा केला. पण इथे न्याय उलटा झाला: दिवा विझलेला म्हणजे सारे ठीक. बल्ब गेला किंवा वायर तुटली, तरी दिवा विझलेलाच! म्हणून चावी फिरवताच तो क्षणभर लागतो का, हे पाहायचे. मोटारीतले कॅच सायडिंग ते एवढेच.

दिवा विझेना, तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का पाहावे. मग ब्रेक ऑइलची पातळी. ती कमी असेल तर पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. नुसते ऑइल भरल्याने दिवा विझेल, दोष नाही. ऑइल पुरेसे असेल तर टाकीवरच्या तरंगत्या खटक्याची वायर काढून पाहावी. बहुतेक गाड्यांत तेवढ्याने दिवा विझला, तर खटका बिघडला आहे. नाही विझला, तर हँडब्रेकचा खटका आणि वायरिंग तपासावे. मावळच्या पावसात जोडण्या गंजतात, हे खरे. तरीही दोष दिव्याचा म्हणण्याआधी ब्रेक तपासून घ्यावेत, आणि तेही घाट सुरू होण्याआधी. खंडाळ्याच्या पुढे ती सवड मिळत नाही.