घटका भरली

लांबलचक मजकूर टाइप करून ‘पाठवा’ दाबावं आणि समोर लॉगिनचं पान यावं, याचा मला भयंकर राग येतो. पुण्यात मी सर्व्हरचीच कामं करतो, तरीही. मुळात वेबला स्मरणशक्ती नाही. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने कुकी आणली, तेव्हा सर्व्हर माणूस लक्षात ठेवू लागला. पण किती वेळ? पीएचपीत मुळातला आकडा १४४० सेकंद. तेवढ्यात हालचाल नसली, तर ओळख पुसायला सर्व्हर मोकळा. म्हणजे २४ मिनिटं, बरोबर एक घटका! (योगायोगच.) पूर्वी लग्नाच्या मुहूर्तासाठी तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यावर सोडत. ते बुडालं की घटका भरली. पण ते बुडताना मांडवाला दिसायचं. इथे तुमची बोटं चालू असतात, अक्षरं मात्र फोनवरच राहतात. सर्व्हरच्या लेखी तुम्ही केव्हाच गप्प झालेले असता.