सेंट मोनन्सचे ऑल्ड कर्क

सेंट मोनन्सचे ऑल्ड कर्क, म्हणजे 'जुने चर्च', ही स्कॉटलंडमधील फाइफ परगण्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट मोनन्स या मच्छीमारांच्या गावातील मध्ययुगीन वास्तू आहे. फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या अगदी काठावरील खडकावर ती उभी असून उधाणाच्या वेळी लाटांचे तुषार दफनभूमीच्या भिंतीपर्यंत पोहोचतात.

इतिहास

स्कॉटलंडचा राजा दुसरा डेव्हिड याने १३६० च्या दशकात हे चर्च बांधविले. बांधकामाची देखरेख सर विल्यम डिशिंग्टन याच्याकडे होती व त्यावरील खर्चाच्या नोंदी राजकोशाच्या हिशेबांत आढळतात. १३४६ मधील नेव्हिल्स क्रॉसच्या लढाईत राजाला लागलेला बाण संत मोनन यांच्या कृपेने निघाला, अशी आख्यायिका आहे. दुसरीनुसार तो समुद्रातील वादळातून वाचला. दोन्ही कथांना लोकश्रद्धेपलीकडे आधार नाही. पुढे तिसऱ्या जेम्सने हे चर्च डोमिनिकन संन्याशांना दिले. १५४४ मध्ये इंग्रजांच्या स्वारीत त्याची जाळपोळ झाली. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये प्रेस्बिटेरियन पंथ रुजला आणि सतराव्या शतकाच्या मध्यास हे गावाचे पॅरिश चर्च बनले.

वास्तुरचना

या वास्तूचे वैशिष्ट्य तिच्या अपुरेपणात आहे. मध्ययुगीन चर्चमध्ये भाविकांसाठी पश्चिमेकडे लांब सभामंडप असे. येथे तो नाही. पूर्वेकडील वेदीगृह, उत्तर व दक्षिणेकडील दोन आडव्या भुजा आणि त्यांच्या संधिस्थानी उभा बुटका चौरस मनोरा, एवढाच भाग आहे. मनोऱ्यावर दगडी अष्टकोनी शिखर आहे. त्यामुळे तलविन्यास इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दिसतो. योगायोग असा की, धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये अनेक नवी चर्च याच आकारात मुद्दाम बांधली गेली. नव्या उपासनेत वेदीपेक्षा प्रवचनाला महत्त्व आले होते आणि तिन्ही भुजांत बसलेल्यांना मधल्या व्यासपीठावरील प्रवचन नीट ऐकू येई. राजाच्या वास्तूचा अपुरेपणा असा पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडला.

वेदीगृहाचे छत दगडी कमानींचे असून त्यांच्या फासळ्या जेथे मिळतात तेथे कोरीव गाठी आहेत. दक्षिण भिंतीत धर्मगुरूंसाठी कोनाड्यांसारखी आसने आणि पूजापात्रे धुण्याचे कुंड आहे. कॅथलिक विधींच्या या खुणा प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये टिकून राहिल्या, ही विशेष बाब होय. बाहेरून भिंतींना भक्कम टेकूभिंती आहेत. आत पांढऱ्या भिंतींच्या पार्श्वभूमीवर शिडांच्या जहाजाची प्रतिकृती टांगलेली आहे. समुद्रावर पोट असलेल्या गावांत अशी प्रथा होती.

जीर्णोद्धार

१८२६ ते १८२८ या काळात वास्तुविशारद विल्यम बर्न याने मोठी दुरुस्ती केली. विसाव्या शतकाच्या मध्यास इयन लिंडसे यांनी आणखी काम केले. ही वास्तू 'अ' श्रेणीची संरक्षित वास्तू असली, तरी खारा वारा दगडाची झीज करीतच असतो. सदस्यसंख्या घटल्याने चर्च ऑफ स्कॉटलंडला अलीकडे अनेक जुन्या इमारती सोडाव्या लागत आहेत. त्यामुळे अशा किनारी चर्चच्या देखभालीचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न निर्माण झाला आहे.