ऑक्सिडीकारक ताण आणि मधुमेह

पेशीत तयार होणारी ऑक्सिजनाची विक्रियाशील रूपे (सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड इ.) त्यांना निकामी करणाऱ्या यंत्रणेला आवरेनाशी झाली, की त्या अवस्थेस ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

क्रियाविधी : ग्लुकोज व मेदाम्ले गरजेपेक्षा जास्त आली की तंतुकणिकांतून सुपरऑक्साइड अधिक बाहेर पडते. जेएनकेसारखी एंझाइमे त्यामुळे क्रियाशील होतात आणि इन्सुलिनाचा संदेश पुढे नेणाऱ्या आयआरएस-१ या प्रथिनात अडथळा आणतात. मग ग्लुट-४ हे वाहक प्रथिन स्नायुपेशीच्या पृष्ठभागी पुरेसे येत नाही. साखर रक्तातच राहते. हाच इन्सुलिन-रोध. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत कॅटालेजासारखी संरक्षक एंझाइमे मुळातच कमी, म्हणून त्या लवकर खचतात. वाढलेल्या साखरेने ताण वाढतो हे मान्य आहे. ताण आधी की इन्सुलिन-रोध, याविषयी मतभेद आहेत. हूस्टिस, रोझेन व लँडर (२००६) यांनी पेशी व उंदरांवरील प्रयोगांवरून ताणाला कारण मानले.

पुण्यातील चाचणी : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ व आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) येथील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २५० मधुमेही होते. निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर रोज ५०० मिग्रॅ. ग्लुटाथायोन हे प्रतिऑक्सिडीकारक (ऑक्सिडीकारक ताण कमी करणारे द्रव्य) सहा महिने दिले. रक्तातील ग्लुटाथायोन वाढले, डीएनएची हानी घटली. एचबीए१सीमधील (गेल्या काही महिन्यांतील सरासरी रक्तशर्करेच्या निर्देशकातील) सुधारणा मात्र प्रामुख्याने पंचावन्नच्या पुढील रुग्णांत दिसली.

ज्वारी : आहारातील ज्वारीचाही ऑक्सिडीकारक ताणाशी संबंध जोडला जातो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या सहकार्याने तयार झालेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये प्रसारित झाले. त्यात लोह व जस्त अधिक आहे. जस्त हा सुपरऑक्साइड डिसम्युटेजाच्या एका प्रकाराचा घटक असून बीटा पेशी इन्सुलिन जस्तासहच साठवतात. तरी हे वाण मधुमेहासाठी नव्हे, पोषणातील उणीव भरून काढण्यासाठी निवडलेले आहे. ज्वारीचे जे प्रतिऑक्सिडीकारक गुण सांगितले जातात ते मुख्यतः तांबड्या, टॅनिनयुक्त दाण्यांचे. मराठवाड्यात भाकरीला लागते ती पांढरी, टपोरी रब्बी ज्वारी. टॅनिनाचा तुरटपणा कोणालाच नको असल्याने तिच्यात ते जवळजवळ नाही. उरलेली प्रतिऑक्सिडीकारक फिनॉले बहुतांशी कोंड्यात असतात, आणि पीठ बारीक चाळले की तीही जातात.

उपचार : प्रतिऑक्सिडीकारक गोळ्या प्रस्थापित उपचारांत मोडत नाहीत. जर्मनीत ३९ निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगात (२००९) क व ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांमुळे व्यायामाने इन्सुलिन-संवेदनशीलतेत होणारी सुधारणाच थांबली.