पितरांचा शब्द

कोणी बोलत नसतां ज्यांना आवाज ऐकूं येतात, अशांना घेऊन कित्येक कुटुंबें त्र्यंबकेश्वरास येतात. अतृप्त पितर बोलतात, असें मानून तेथें नारायणबळी करण्याची चाल जुनी आहे.

१९८७ सालीं हॉलंडमधील मनोविकारतज्ज्ञ मारियस रोम यांनीं दूरचित्रवाणीवरून अशा लोकांना हांक दिली व त्यांचे आवाज काय सांगतात, हें त्यांनाच विचारलें. सर्वांच्या नव्हे, पण पुष्कळांच्या आवाजांचा माग बालपणींच्या मारापर्यंत, उपेक्षेपर्यंत किंवा वियोगापर्यंत पोंचला. पितरांचा संबंध असलाच तर तो असा: जिवंतपणीं ते मुलाशीं कसे बोलले?

त्र्यंबकेश्वरींच निवृत्तिनाथांची समाधि आहे. संन्याशाचीं पोरें म्हणून हीं भावंडें वाळींत पडलीं. परंपरा सांगते कीं, आईबापांनीं देहान्त प्रायश्चित्त घेतलें. पोरक्या ज्ञानदेवांना थोरल्या भावानेंच गुरु होऊन पोटाशीं धरलें. १२९० सालच्या ज्ञानेश्वरींत ज्ञानदेव त्या गुरूंना माउली म्हणतात. दुःख दारुण होतें. पण कानीं पडणारा शब्द मायेचा होता.

विधि करावयाचा तो खुशाल करावा. परंतु रोग्यास वैद्याकडेहि न्यावें, आणि आधीं जवळ बसवून विचारावें: बाळा, तो आवाज कोणासारखा बोलतो?