बर्मिंगहॅमचे विद्यापीठ आणि तेथील कारखानदार

भारतीय वाचकाला जोसेफ चेंबरलेन हे नाव परिचित असते ते बोअर युद्धाच्या काळातील ब्रिटिश वसाहतमंत्री म्हणून. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे पहिले कुलपती ही त्यांची दुसरी ओळख त्या मानाने उपेक्षित राहिली आहे. वस्तुतः विद्यापीठ आणि स्थानिक उद्योग यांच्या सहकार्याची कल्पना प्रत्यक्षात कशी उतरते, हे अभ्यासावयाचे तर बर्मिंगहॅमइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच आढळेल. जो पैसा देतो त्याचा विद्येवर अधिकार कितपत पोहोचतो, हा प्रश्न तेथे आरंभीच्या काही वर्षांतच उपस्थित झाला होता.

चेंबरलेन हे मूळचे स्क्रूचे कारखानदार. १८७३ ते १८७६ या काळात महापौर असताना त्यांनी गॅस व पाणी यांचा पुरवठा खाजगी कंपन्यांकडून नगरपालिकेच्या ताब्यात आणला. विद्यापीठाकडेही ते काहीसे याच दृष्टीने पाहत. शहराने स्वतःच्या गरजेसाठी उभारावयाची आणि स्वतःच्या हिमतीवर चालवावयाची ती एक संस्था होती. पाया मात्र अगोदरच घातला गेला होता. पोलादी टाकांच्या व्यवसायात संपत्ती मिळविलेल्या जोसाया मेसन यांनी स्थापिलेले विज्ञान महाविद्यालय १८८० मध्ये सुरू झाले व त्याचे उद्घाटनपर भाषण टी. एच. हक्स्ले यांनी केले. केवळ वाङ्मयीन शिक्षणाला या संस्थेत थारा नसावा अशी मेसन यांची अट होती. लेखणीची टोके विकून श्रीमंत झालेल्या गृहस्थांनीच वाङ्मयाला दार बंद करावे, हे मौजेचे खरे! ती अट पुढे सैल झाली.

या महाविद्यालयाचे विद्यापीठ करताना दोन मार्ग मोकळे होते. मँचेस्टर, लिव्हरपूल व लीड्स येथील महाविद्यालये त्या वेळी व्हिक्टोरिया विद्यापीठ या संयुक्त संस्थेत एकत्र नांदत होती. तसल्या संघात सामील होणे हा एक मार्ग. चेंबरलेन यांनी दुसरा पत्करला. बर्मिंगहॅमला स्वतःचे, स्वतंत्र विद्यापीठ हवे, कारण अभ्यासक्रम इतर शहरांच्या संमतीने ठरू लागले तर मिडलंडमधील धंद्यांच्या गरजांना त्यांत स्थान मिळण्याची शाश्वती नव्हती. १८९९ मध्ये अँड्रू कार्नेगी यांनी पन्नास हजार पौंड देऊ केले, पण अमेरिकेतील विद्यापीठांच्या धर्तीवर विज्ञानशाखा उभारावी असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी एक शिष्टमंडळ अमेरिका व कॅनडा येथील संस्था पाहून आले. मार्च १९०० मध्ये राजसनद मिळाली आणि लॉर्ड कॅल्थॉर्प यांनी एजबॅस्टन येथे पंचवीस एकर जमीन दिली. भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज हे पहिले प्राचार्य झाले. कारभार पाहणाऱ्या मंडळांवर शहरातील प्रतिष्ठित व्यापारी व कारखानदार बसत. अध्यापनाचे प्रश्न मात्र प्राध्यापकांच्या सिनेटकडे असत. ही विभागणी कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात तिची कस लावणारी दोन उदाहरणे निरनिराळ्या शाखांतून मिळतात.

पहिले उदाहरण बीअरच्या धंद्याचे. मिडलंडमधील बीअरच्या कारखानदारांच्या देणगीतून १८९९ मध्ये मद्यनिर्मितीचे शिक्षण देणारा स्वतंत्र विभाग निघाला आणि त्याची धुरा एड्रियन ब्राउन यांच्याकडे आली. बर्टन येथील एका कारखान्यात रसायनज्ञ म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केलेले होते. देणगीदारांना हवी होती ती आंबवण्याच्या कामातली बिनचूकता. ब्राउन यांनी तीही शिकविली, परंतु १९०२ मध्ये त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला तो एका मूलभूत प्रश्नावरचा होता. साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेज या विकराची गती द्रावणात साखर वाढविली तरी एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, असे त्यांना आढळले. विकर व साखर यांचा काही काळ संयोग होतो आणि त्या संयोगाला ठराविक वेळ लागतो, असा अर्थ त्यांनी लावला. १९१३ मध्ये मायकेलिस व मेंटेन यांनी मांडलेल्या प्रसिद्ध समीकरणाची एक पूर्वपीठिका येथे आहे. बीअरच्या पैशातून जीवरसायनाचे एक प्रकरण लिहिले गेले, आणि कोणाही देणगीदाराने ते मागितलेले नव्हते.

दुसरे उदाहरण वाणिज्यशाखेचे. हार्वर्डहून आलेले आर्थिक इतिहासाचे अभ्यासक विल्यम अ‍ॅश्ली यांनी १९०१-०२ मध्ये ती उभारली. लॉरेन्स डिक्सी यांच्या रूपाने ब्रिटनमधील पहिला लेखाशास्त्राचा प्राध्यापकही येथेच नेमला गेला. धंद्याच्या सैन्यातले शिपाई नव्हे, तर अधिकारी घडवावयाचे, ही अ‍ॅश्ली यांची भूमिका होती. कारकून तयार करणारी शाळा त्यांना चालविावयाची नव्हती. कारखानदारांनी इमारतींसाठी हात सैल सोडला, तरी आपल्या पेढ्यांतील जागा पदवीधरांसाठी मोकळ्या करण्याच्या बाबतीत ते सावध राहिले. आरंभीची विद्यार्थिसंख्या तुटपुंजीच होती. तरीही पदवीचे नाव दूरवर गेले. १९१३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिडनहॅम कॉलेजातून हीच बी. कॉम. पदवी दिली जाऊ लागली आणि १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्र शिकवीत होते.

खरी कसोटी लागली ती १९०३ मध्ये, आणि ती देणगीमुळे नव्हे. मे महिन्यात बर्मिंगहॅममधील भाषणात चेंबरलेन यांनी साम्राज्यांतर्गत मालाला झुकते माप देणाऱ्या जकातींचा पुरस्कार केला. १५ ऑगस्ट रोजी आल्फ्रेड मार्शल यांच्यासह चौदा अर्थशास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये त्याविरुद्ध निवेदन प्रसिद्ध केले. अ‍ॅश्ली यांनी त्याच वर्षी जकातींच्या प्रश्नावर पुस्तक लिहून आपल्या कुलपतींची बाजू उचलून धरली. कुलपतीच्या विद्यापीठातील प्राध्यापक कुलपतीच्या धोरणाचे समर्थन करतो, हे पाहून संशय येणे स्वाभाविक आहे. पण तो अ‍ॅश्ली यांच्यावर अन्याय करणारा ठरेल. जर्मन ऐतिहासिक संप्रदायाचा त्यांच्यावरील प्रभाव बर्मिंगहॅमला येण्याच्या कितीतरी आधीचा होता, आणि मुक्त व्यापार हा सर्वकाळी सत्य असा सिद्धान्त नव्हे ही त्यांची जुनी भूमिका होती. अडचण वेगळीच होती. त्यांचे मत स्वतंत्र असूनही ते तसे दिसू शकत नव्हते. १९०६ मध्ये पक्षाघाताने चेंबरलेन राजकारणातून दूर झाले, तरी १९१४ मध्ये निधन होईपर्यंत कुलपतीपद त्यांच्याकडेच राहिले. आणि अ‍ॅश्ली १९२५ पर्यंत त्याच अध्यासनावर होते.