नीत्शे (जर्मन आडनाव)

नीत्शे : पूर्व-मध्य जर्मनीतील, मुख्यतः सॅक्सनी आणि तिच्या शेजारच्या प्रदेशातील एक विरळ आडनाव. ‘निकोलाउस’ या ख्रिस्ती व्यक्तिनामाच्या संक्षिप्त, घरगुती रूपापासून ते बनले. तत्त्वज्ञ फ्रीड्रिश नीत्शे (1844–1900) यांच्यामुळे ते जगभर माहीत झाले. मात्र त्या कीर्तीमुळेच या नावाभोवती एक गूढ वलयही तयार झाले. इतके अपरिचित, इतके वेगळे दिसणारे नाव साध्या माणसांचे नसणार, त्यामागे एखादे परके सरदार घराणे असणार, हा समज शंभरांहून अधिक वर्षे टिकून आहे. उपलब्ध पुरावा याच्या उलट दिशेला जातो. हे नाव मुळात अगदी सर्वसाधारण आहे. विरळ आहे ती केवळ त्याच्या लेखनाची एक पद्धत. ही गोष्ट ध्यानात घेतली की नावाची व्युत्पत्ती, पोलिश सरदारकीची कथा आणि आजच्या जर्मनीतला त्याचा आढळ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांना जोडून येतात.

रोमन लिपीत या नावाची तीन प्रमुख रूपे दिसतात. पहिले साधे ‘नित्शे’. त्यात टी, एस, सी, एच ही अक्षरे सलग येतात. दुसऱ्यात टी आणि एस यांच्यामध्ये झेड शिरतो. तिसऱ्यात झेड तर असतोच, शिवाय आधीच्या आय या स्वराला ई जोडून तो दीर्घ केलेला असतो. तत्त्वज्ञाचे नाव या तिसऱ्या पद्धतीने लिहिले जाते. यांच्या जोडीला नित्श्के, नित्शमान, नित्झ, नित्झे ही भावंडे आहेत. टी-झेड-एस-सी-एच हा पाच व्यंजनांचा पुंजका सॅक्सनीबाहेरच्या जर्मन माणसालाही अवघड वाटतो, पण त्या भागात तो नेहमीचा आहे. डेलित्श, प्रेत्श ही गावे आणि लाइपझिगचा लॉइत्श हा भाग याच पुंजक्याने लिहितात. स्लाव भाषांतील ‘च’सारखा ध्वनी जर्मन लिपीत उतरवताना तिथल्या लेखनिकांनी रूढ केलेली ही पद्धत आहे. त्यामुळे नावाच्या दर्शनी रूपात जे विलक्षण वाटते, ते घराण्याचे नसून प्रदेशाच्या लेखनपरंपरेचे लक्षण आहे.

निकोलाउस हे नाव या भागात इतके का रुजले, हे पाहण्यासारखे आहे. मायराचे बिशप संत निकोलस यांचे अवशेष 1087 मध्ये इटलीतील बारी येथे आणले गेले आणि त्यानंतर आल्प्सच्या उत्तरेला त्यांची भक्ती झपाट्याने पसरली. ते व्यापाऱ्यांचे आणि प्रवाशांचे कैवारी संत. बाराव्या-तेराव्या शतकांत जर्मन शेतकरी, कारागीर आणि व्यापारी साले व एल्ब नद्यांच्या पूर्वेला, तोवर स्लाववंशीय सोर्बांच्या असलेल्या प्रदेशात वसाहती करत गेले, तेव्हा नव्या बाजारपेठांच्या गावांत निकोलसची चर्चे उभी राहिली. लाइपझिगचे निकोलाय चर्च बाराव्या शतकातलेच. पुढच्या काळात वंशपरंपरागत आडनावे स्थिर होऊ लागली, त्या वेळी या पट्ट्यात निकोलाउस नावाच्या पुरुषांची रेलचेल होती, आणि बापाचे नाव मुलाला चिकटून आडनाव होणे हा तर नित्याचाच मार्ग. पश्चिमेकडे त्याच नावाची क्लाउस, क्लास, निक्लास अशी आडनावे झाली, थुरिंजिया-सॅक्सनीत निकेल झाले, आणि सॅक्सनी, लाउझित्स व सिलेशिया या पूर्वपट्ट्यात नित्शे.

या शेवटच्या रूपाची घडण मोलाची आहे, कारण तिच्यात दोन भाषा एकत्र नांदतात. फ्रीड्रिशचे फ्रित्झ, हाइनरिशचे हाइन्झ, कोनराडचे कुन्झ, तसे निकोलाउसचे नित्झ. इथवरची वाट जर्मन आहे. तिच्या टोकाला लागलेला ‘च-श’चा घोष मात्र स्लाव लाडनावांच्या प्रत्ययांशी मिसळून आला. हे एकट्या नित्शेचे वैशिष्ट्य नाही. फ्रीड्रिशवरून फ्रित्शे, योहानेसवरून येन्च, पीटरवरून पीच अशी आडनावांची मोठी रांगच याच पट्ट्यात आहे. मूळ शब्द स्लाव नाही हेही तितक्याच खात्रीने म्हणता येते. पोलिशमध्ये निकोलसचा ‘मिकोवाय’ होतो, चेकमध्ये ‘मिकुलाश’, सोर्बमध्ये ‘मिकवाउश’. शेजारच्या तिन्ही भाषांत आरंभी ‘म’ आहे. नित्शेमधला ‘न’ जर्मन उच्चाराकडून आला, शेपूट शेजाऱ्यांकडून. वसाहतीनंतर शतकानुशतके एकाच गावात, एकाच बाजारात दोन भाषा बोलल्या गेल्या, याची ही जिवंत खूण आहे. लाउझित्समध्ये सोर्ब भाषक आजही आहेत.

या व्युत्पत्तीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. नित्झ हे रूप ‘निथार्ट’ या जुन्या जर्मानिक नावावरूनही येऊ शकते. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने यात अडचण काही नाही, आणि दक्षिण वा पश्चिम जर्मनीतल्या एखाद्या नित्झ घराण्याबाबत ते खरेही असेल. पण आडनावाचा अर्थ लावताना ध्वनी जुळणे ही पहिली पायरी असते, शेवटची नव्हे. ते नाव ज्या प्रदेशात, ज्या काळात आडनाव झाले तिथे कोणते व्यक्तिनाव प्रत्यक्ष प्रचारात होते, हे पाहावे लागते. पूर्वेकडील वसाहतींत आडनावे स्थिरावली तोवर निथार्टसारखी जुनी नावे मागे पडून संतांच्या नावांनी त्यांची जागा घेतली होती. म्हणून ‘-त्शे’ प्रत्ययाच्या रूपांपुरता निकोलाउसचा दावाच अधिक भक्कम ठरतो, आणि जर्मन नामकोशांचा कौलही त्याच बाजूला आहे.

पोलिश सरदारकीची कथा या सगळ्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध आहे, आणि तिचा प्रमुख प्रचारक स्वतः तत्त्वज्ञच होता. आपले पूर्वज ‘निएत्स्की’ नावाचे पोलिश उमराव होते, असे त्यांनी 10 एप्रिल 1888 रोजी डॅनिश समीक्षक गेऑर्ग ब्रांडेस यांना कळवले. परदेशात आपल्याला पोलिशच समजतात, त्या हिवाळ्यात नीस शहरातल्या पाहुण्यांच्या यादीतही आपली नोंद पोलिश म्हणून झाली, असा दाखलाही त्यांनी जोडला. ‘एक्के होमो’ या त्याच वर्षी लिहिलेल्या आत्मपर ग्रंथाच्या एका सुधारित मजकुरात हा दावा आणखी ठाम होतो. बहीण एलिझाबेथ हिनेही भावाच्या चरित्रात ही कथा पुढे नेली, आणि पुढे काहींनी तिला एका पोलिश कुलचिन्हाची जोड दिली. नव्या जर्मन साम्राज्याच्या राष्ट्रगर्वाचा नीत्शे यांना मनापासून उबग आला होता. 1869 मध्ये बाझेलला प्राध्यापक म्हणून जाताना त्यांनी प्रशियाचे नागरिकत्व सोडले आणि पुढे ते कोणत्याच राज्याचे नागरिक राहिले नाहीत. अशा माणसाला जर्मनपणापासून दूर नेणारी कुलकथा जवळची वाटावी, हे समजण्यासारखे आहे. पण एखादी कथा का प्रिय होती हे कळल्याने ती खरी ठरत नाही.

आधी भाषेचा पुरावा पाहू. पोलिश उमरावी नावांचा ‘-त्स्की’ हा शेवट बहुधा गावाच्या वा जहागिरीच्या नावाला लागतो. नित्शे हे व्यक्तिनामावरून बनले आहे. दुसरे असे, की ‘-त्स्की’ शेवटाची नावे जर्मनीत आली तेव्हा लेखन बदलले तरी त्यांच्यातला ‘क’ सहसा गळला नाही. बास्केटबॉलपटू डिर्क नोवित्स्की यांचे आडनाव हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. ‘निएत्स्की’चे ‘नीत्शे’ व्हायचे तर हा ‘क’ नाहीसा व्हायला हवा आणि त्याच्या जागी ‘श’ यायला हवा. एरवी न दिसणारा हा बदल नेमका एकाच घराण्यात झाला असे मानायला काही आधार नाही. आता कागदपत्रे. तत्त्वज्ञाचे वडील कार्ल लुडविग (1813–1849) लुत्सेनजवळच्या र्योकेनचे लुथरपंथी पाद्री होते. आजोबा फ्रीड्रिश आउगुस्ट लुडविग (1756–1826) आयलेनबुर्ग येथे धर्मप्रांताचे अधीक्षक होते, आणि पणजोबा गोटहेल्फ एंगेलबेर्ट (1714–1804) बिब्रा येथे करवसुलीचे निरीक्षक. पाद्री, अधिकारी, मध्यमवर्गीय गृहस्थ, अशी ही माणसे. 1898 साली, नीत्शे आजारी पण हयात असताना, हान्स फोन म्युलर यांनी या वंशावळीचा शोध घेऊन पोलिश कथेला आधार नसल्याचे दाखवले. त्यानंतर चाळीस वर्षांनी वायमारच्या नीत्शे-अभिलेखागाराचे मॅक्स ओएलर यांनी चर्चच्या नोंदींवरून विस्तृत वंशवृक्ष मांडला आणि तोच निष्कर्ष काढला.

ओएलर यांच्या कामावर एक रास्त शंका येते. त्यांचे लेखन 1938 चे आहे. त्या वर्षी जर्मनीत असंख्य लोकांना ‘शुद्ध’ वंशाचे दाखले गोळा करावे लागत होते, आणि नीत्शे यांना नाझी राजवटीचा ऋषी ठरवण्याची धडपड चालू होती. ओएलर स्वतः तत्त्वज्ञाच्या आईच्या माहेरचे नातेवाईकही होते. तेव्हा त्यांना सोयीचा निष्कर्षच मिळाला नसेल कशावरून? याला दोन उत्तरे आहेत. म्युलर यांचे संशोधन नाझी राजवटीच्या कितीतरी आधीचे आहे. त्यांच्यावर तसला दबाव नव्हता. आणि व्युत्पत्तीचा पुरावा या दोघांवरही अवलंबून नाही. मात्र ओएलर यांनी सर्व पूर्वजांची नावे निर्भेळ जर्मन असल्याचा जो अर्थ त्यातून काढला, तो स्वीकारता येत नाही. नित्शे या नावाची शेपूटच त्याला नकार देते. तत्त्वज्ञाने या नावात पोलिश रक्त पाहिले, ओएलर यांनी जर्मन रक्त; पण आडनाव रक्ताची साक्ष देतच नाही. एखाद्या सोर्ब कुटुंबाने जर्मन शेजाऱ्याचे ‘नित्झ’ हे नाव घेऊन त्याला आपला प्रत्यय लावला असेल, किंवा एखाद्या जर्मन कुटुंबाने शेजाऱ्यांच्या बोलण्याची ढब उचलली असेल. नाव फक्त इतके सांगते, की ते जिथे घडले तिथे दोन्ही भाषा कानावर पडत होत्या.

आता विरळपणाकडे. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या चर्चच्या नोंदवह्यांत एकाच कुटुंबाचे नाव कधी झेडसह, कधी झेडशिवाय, कधी दीर्घ, कधी ऱ्हस्व लिहिलेले आढळणे अपवादात्मक नव्हते. पाद्री ऐकेल तसे लिही. 1 जानेवारी 1876 पासून जर्मन साम्राज्यभर नागरी नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा नोंदवहीत त्या घटकेला जे रूप होते ते जणू गोठले. पुढे 1901 च्या शुद्धलेखन परिषदेने जर्मन शब्दांचे लेखन एकसारखे केले, पण आडनावांना हात लावला नाही. परिणामी एकाच नावाचे अनेक कायदेशीर तुकडे झाले आणि मोजणीत प्रत्येक तुकडा वेगळा धरला जाऊ लागला. याचा प्रभाव किती मोठा असतो ते श्मिट या नावावरून कळते. जर्मनीत सर्वाधिक आढळणारे आडनाव म्हणून म्युलरचा मान आहे. पण श्मिट, श्मित्स, श्मिड अशी लोहाराच्या धंद्यावरून आलेली सगळी लेखने एकत्र केली तर म्युलर मागे पडतो. नीत्शेचे गणित उलट टोकाला तसेच आहे. दीर्घ स्वर आणि झेड अशा दोन्ही गोष्टी एकत्र असलेले लेखन थोड्याच कुटुंबांत गोठले, म्हणून ते दुर्मिळ. झेडयुक्त ऱ्हस्व रूप त्याहून पुष्कळ अधिक, आणि साधे नित्शे सर्वांत अधिक.

या आढळाचा आधार म्हणजे दूरध्वनी ग्राहकांच्या याद्या. कोनराड कुन्झे आणि डामारिस न्युब्लिंग यांच्या संपादनाखाली 2009 ते 2018 या काळात प्रसिद्ध झालेला जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह 2005 सालच्या सुमारे 2 कोटी 80 लाख जोडण्यांवर उभा आहे. अशा सामग्रीवर घेतला जाणारा आक्षेप असा, की जोडणी एकाच्या नावावर असते आणि घरात माणसे अनेक, शिवाय काहींकडे जोडणीच नसते. एकूण संख्येसाठी हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणून दुर्मिळ नावांचे नेमके आकडे सावधपणे वापरावेत. परंतु एका लेखनाचे दुसऱ्याशी असलेले प्रमाण आणि त्यांचा भौगोलिक पसारा यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, कारण ही त्रुटी सर्व रूपांना सारखीच लागू पडते. नकाशावर झेडयुक्त रूपे आजही सॅक्सनीत दाटलेली दिसतात. साधे नित्शे आणि नित्श्के मात्र देशभर विखुरले आहेत. सिलेशिया हा त्यांचा एक जुना गड होता, आणि 1945 नंतर तिथून हाकलले गेलेले लाखो जर्मन पश्चिमेकडच्या राज्यांतही जाऊन वसले. निर्वासितांच्या त्या लोंढ्याची रेषा आडनावांच्या नकाशावर साठ वर्षांनंतरही पुसलेली नव्हती.

तत्त्वज्ञाची स्वतःची शाखा मात्र खुंटली. धाकटा भाऊ योझेफ 1850 मध्ये बालपणीच गेला, फ्रीड्रिश अविवाहित राहिले, आणि पतीच्या मृत्यूनंतर माहेरचे नाव जोडून ‘फ्योर्स्टर-नीत्शे’ झालेली एलिझाबेथ 1935 मध्ये निपुत्रिक वारली. नाव फक्त पुरुषवंशाने चालत असले की थोड्या कुटुंबांची नावे केवळ योगायोगानेही लोप पावतात. इंग्लंडमध्ये गाल्टन आणि वॉटसन यांनी 1874 साली हा प्रश्न गणिताने मांडला होता. जर्मनीत हा नियम बराच शिथिल झाला आहे. पश्चिम जर्मनीत 1976 पासून पत्नीचे आडनाव दोघांचे कुटुंबनाम म्हणून घेता येऊ लागले, आणि पतीच्या नावाला आपोआप मिळणारे प्राधान्य घटना न्यायालयाने 1991 मध्ये रद्द केले. त्यामुळे विरळ लेखन आता मुलींकडूनही पुढे जाऊ शकते.

जर्मनीबाहेर या नावाची भावंडे अधिक दिसतात. मोरावियात जन्मलेले डाविड नित्शमान (1695–1772) लाउझित्समधील हेर्नहुट वसाहतीतून 1732 मध्ये कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटावर धर्मप्रसारासाठी गेले आणि 1735 मध्ये पुनरुज्जीवित मोरावियन चर्चचे पहिले बिशप झाले. त्या वसाहतीत त्याच नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती होत्या, म्हणून चरित्रकोशांना त्यांची ओळख पटवताना नावाला हुद्दा वा व्यवसाय जोडावा लागतो. अमेरिकेत फुटबॉलपटू रे नित्श्के आणि मुत्सद्दी पॉल नित्झे (1907–2004) यांनी आणखी दोन रूपे सार्वजनिक जीवनात परिचित केली.