नील यंग, डॅनी व्हिटन आणि दुःखाचा सिद्धान्त

रॉक गायक नील यंगच्या चाहत्यांशी १९७३ सालाविषयी बोलायला बसा, दहा मिनिटांत एक निष्कर्ष कानावर येतोच: माणूस मोडला, म्हणून गाणी खरी झाली. त्या वर्षीच्या मैफली प्रत्यक्ष पाहिलेले हेच सांगतात आणि ज्यांनी त्या फक्त टेपवर ऐकल्या तेही हेच सांगतात. फाटलेला गळा, टकिलाची बाटली, श्रोत्यांवर खेकसणारा गायक, आणि या पडझडीतून आपोआप वर आलेले सत्य. ‘टाइम फेड्स अवे’, ‘ऑन द बीच’ आणि ‘टुनाइट्स द नाइट’ या तीन अल्बमना ‘डिच ट्रिलजी’ म्हणतात, म्हणजे रस्त्याकडेच्या चरात लिहिलेली त्रयी. हे नाव यंगच्याच एका टिपणावरून पडले. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ या गाण्याने आपल्याला रस्त्याच्या मध्यावर आणून ठेवले, तिथे कंटाळा आला म्हणून आपण गाडी चराकडे वळवली, असे त्याने १९७७ च्या ‘डिकेड’ या संग्रहासोबत लिहिले होते. ‘वळवली’ हा शब्द लक्षात ठेवावा. चाहत्यांच्या कथेत तो नेहमी ‘घसरली’ असा होतो.

मित्राने भरून दिलेल्या एका कॅसेटवर मी ही गाणी प्रथम ऐकली आणि तेव्हापासून त्यांची साथ सुटलेली नाही. त्यांच्या जन्माची ही प्रचलित कथा मात्र मला चुकीची वाटते आणि घातकही वाटते.

पूर्वपक्ष दुबळा करून खोडण्यात अर्थ नसतो, म्हणून तो आधी पूर्ण जोमाने मांडतो. १९७२ च्या फेब्रुवारीत ‘हार्वेस्ट’ आला आणि अमेरिकेत त्या वर्षी सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. यंग तेव्हा २६ वर्षांचा. सप्टेंबरात त्याला मुलगा झाला. बाळाला सेरेब्रल पाल्सी असल्याचे पुढे कळले. नोव्हेंबरात मोठ्या दौऱ्याच्या तालमी त्याच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर सुरू झाल्या. ‘क्रेझी हॉर्स’ या जुन्या साथीदार बँडचा गिटारवादक डॅनी व्हिटन याला त्याने मुद्दाम बोलावून घेतले. हेरॉइनने पोखरलेल्या व्हिटनला गाणी धड आठवेनात, बाकीच्यांबरोबर वाजवता येईना. १८ नोव्हेंबरला यंगने त्याला ५० डॉलर आणि लॉस एंजलिसचे विमानाचे तिकीट देऊन परत पाठवले. त्याच रात्री दारू आणि व्हॅलियम एकत्र घेतल्याने व्हिटन गेला. वय २९. पुढच्या जूनमध्ये ब्रूस बेरी, त्यांची वाद्ये वाहणारा आणि लावणारा पोरगा, हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला.

या दोन मृत्यूंच्या मधोमध तो दौरा झाला. जानेवारी ते एप्रिल १९७३, तीन महिन्यांत साठेक मैफली, त्याही अवाढव्य बंदिस्त मैदानांत. ड्रमर केनी बटरीने बुडणाऱ्या स्टुडिओ-कामाची भरपाई म्हणून एक लाख डॉलर मागितले, मग बाकीच्या वादकांनीही तेवढेच. यंगचा गळा बसला. शेवटच्या टप्प्यात डेव्हिड क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅश या गायक-साथीदारांना आधाराला बोलवावे लागले. लोक ‘हार्ट ऑफ गोल्ड’ ऐकायला आलेले आणि मंचावरून कधी न ऐकलेली, कर्कश, नवी गाणी अंगावर येत होती. या दौऱ्यातून निघालेला ‘टाइम फेड्स अवे’ हा आपला सर्वांत वाईट अल्बम, असे यंग स्वतः म्हणत आला आणि २०१७ पर्यंत त्याने तो सीडीवर येऊ दिला नाही.

या सगळ्या घटना खऱ्या आहेत. त्यांतला एकही तपशील मी नाकारत नाही. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

सर्वांत आधी कालक्रम. व्हिटनच्या व्यसनावरचे यंगचे सर्वांत प्रसिद्ध गाणे ‘द नीडल अँड द डॅमेज डन’. ते ‘हार्वेस्ट’वर आहे, म्हणजे पूर्वपक्षाच्या मते गुळगुळीत, रस्त्याच्या मध्यावरच्या अल्बमवर. ध्वनिमुद्रण ३० जानेवारी १९७१ चे, लॉस एंजलिसच्या विद्यापीठातल्या एका मैफलीतले. एक गिटार, एक आवाज, जेमतेम दोन मिनिटे, आणि आवाजाला कुठेही तडा नाही. मित्र डोळ्यांदेखत बुडतो आहे हे दुःख त्या गाण्यात पुरते आहे. व्हिटन जिवंत असताना, यंग पूर्ण ताब्यात असताना. दुःख गाण्यात उतरायला गळा फाटावाच लागतो, हा दावा इथेच ढिला पडतो.

आता ‘टाइम फेड्स अवे’ घ्या. कोसळत्या दौऱ्याचे जसेच्या तसे चित्र म्हणून चाहते तो ऐकवतात. पण त्यातले ‘लव्ह इन माइंड’ हे गाणे त्या दौऱ्यातले नाहीच. ते त्याच जानेवारी १९७१ च्या विद्यापीठातल्या मैफलीचे आहे, पियानोवर एकट्याने म्हटलेले. दोन वर्षांपूर्वीची एक शांत नोंद उचलून कुणीतरी ती गोंगाटाच्या मध्ये बसवली. हे निवड करणाऱ्या माणसाचे काम झाले. मंचावरचा अल्बम म्हणजे गाजलेल्या गाण्यांची उजळणी, असा तेव्हाचा सर्वसाधारण प्रघात. यंगने त्यात एकही आधी प्रसिद्ध झालेले गाणे ठेवले नाही. आणि ‘डोन्ट बी डिनाइड’ ऐका: आईवडिलांचे विभक्त होणे, विनिपेगमधली शाळा, तिथे खाल्लेला मार, संगीताची पहिली स्वप्ने, नंतरचा पैशांचा बाजार. कडव्यामागून कडवे सरळ चढत जाणारे आत्मचरित्र. गळा बसलेला आहे हे खरे, पण रचनेत एक वीट हललेली नाही.

पूर्वपक्षाचा खरा बालेकिल्ला मात्र ‘टुनाइट्स द नाइट’ आहे, आणि खंडन करायचे तर तिथेच केले पाहिजे.

ऑगस्ट १९७३. बेरीला जाऊन तीन महिनेही पुरते उलटलेले नाहीत. यंगने हॉलिवूडमधली स्टुडिओ इन्स्ट्रुमेंट रेंटल्सची तालमीची खोली घेतली. वाद्ये भाड्याने देणारा हा धंदा ब्रूस बेरीच्या भावाचा. सोबत वादक निल्स लॉफग्रेन, बेन कीथ, आणि व्हिटनचे क्रेझी हॉर्समधले सोबती बिली टॅलबट व राल्फ मोलिना. निर्माता डेव्हिड ब्रिग्ज. मंडळी संध्याकाळी जमत, टकिला पीत, बिलियर्ड्स खेळत, आणि मध्यरात्रीच्या सुमारास वाजवायला लागत. २६ ऑगस्टच्या एका रात्रीत अल्बममधली पाच गाणी झाली. ‘मेलो माय माइंड’मध्ये वरच्या पट्टीत यंगचा आवाज उघड उघड फुटतो. तो तसाच ठेवला आहे.

तसाच ठेवला आहे, हे पूर्वपक्ष अभिमानाने सांगतो. मी विचारतो, कुणी ठेवला? फुटलेला आवाज टेपवर येणे ही घटना आहे. दहा पर्यायांतून तोच टेक निवडणे, त्यावर दुरुस्तीचा हात न फिरवणे, तो अमुक गाण्यानंतर वाजवणे, हा निर्णय आहे, आणि निर्णय घेणारा माणूस तेव्हा शुद्धीवर असतो. सगळ्यांनी एका खोलीत, एकाच वेळी, गाणे अंगवळणी पडण्याआधी वाजवायचे, ही ब्रिग्ज आणि यंग यांची विचारपूर्वक ठरवलेली पद्धत होती. दारू त्या पद्धतीचा भाग होती, हेही मान्य करायला माझी हरकत नाही. पण मग तिला पद्धत म्हणा, पतन म्हणू नका.

पुढचा तपशील तर निर्णायक आहे. हे ध्वनिमुद्रण लगेच बाजारात आले नाही. जवळजवळ दोन वर्षे पडून राहिले आणि जून १९७५ मध्ये अल्बम निघाला तेव्हा त्यातल्या १२ पैकी तीन गाणी त्या खोलीतली नव्हतीच. ‘लुकआउट जो’ हे व्हिटनच्या मृत्यूनंतर, १९७२ सरताना, दौऱ्याच्या बँडबरोबर रँचवर झालेले. ‘बॉरोड ट्यून’ डिसेंबर १९७३ चे, एकट्याने केलेले. त्याची चाल रोलिंग स्टोन्सच्या ‘लेडी जेन’वरून उचललेली आणि तशी कबुली त्या गाण्यातच दिलेली. तिसरे ‘कम ऑन बेबी लेट्स गो डाउनटाउन’, त्याच्याकडे शेवटी येतो. शिवाय शीर्षकगीत दोनदा आहे, आरंभी एक रूप आणि अखेरीस दुसरे. ज्याला एका रात्रीचा आक्रोश म्हणतात तो तीन-चार वर्षांतल्या नोंदी निवडून, मागेपुढे लावून, दोन्ही टोकांना एकच गाणे बसवून बांधलेला अल्बम आहे. बांधकाम दिसत नाही, ही बांधणाऱ्याची करामत. त्याच्याकडून ते श्रेय काढून आपण टकिलाच्या बाटलीला देतो आहोत.

प्रत्यक्ष मैफलींच्या आठवणींचे काय? चाहत्यांच्या आठवणींना मी हलके लेखत नाही. त्यांनी जिवापाड जपलेल्या, हातोहात फिरवलेल्या टेप नसत्या तर यातले बरेच काही हरवले असते. पण आठवणींवर नंतरच्या कीर्तीचा लेप चढतो. २० सप्टेंबर १९७३ ला लॉस एंजलिसच्या सनसेट स्ट्रिपवर रॉक्सी थिएटर उघडले ते यंगच्या मैफलींनी. मंचावर नकली ताडाचे झाड, आणि यंग एखाद्या स्वस्त हॉटेलातल्या सूत्रसंचालकासारखा लोकांचे मायामी बीचवर स्वागत करतो. ही ध्वनिमुद्रणे २०१८ मध्ये अधिकृतपणे निघाली. बँड घट्ट आहे, विनोदांच्या जागा बसलेल्या आहेत, गाणी वेळेवर सुरू होतात आणि वेळेवर संपतात. हे नाटक आहे, पात्र ठरलेले, नेपथ्य ठरलेले. नोव्हेंबरात हाच प्रयोग इंग्लंडात गेला तेव्हा श्रोते गोंधळले, चिडले. तिथली एक आठवण सगळेच सांगतात: आता तुम्ही आधी ऐकलेले गाणे म्हणतो, असे यंगने जाहीर केले, लोक ‘हार्ट ऑफ गोल्ड’च्या आशेने सुखावले, आणि त्याने थोड्या वेळापूर्वी म्हटलेले ‘टुनाइट्स द नाइट’च पुन्हा सुरू केले. चाहते ही गोष्ट बेभानपणाचा पुरावा म्हणून सांगतात. अपेक्षा जागवून, क्षणभर धरून, मग ती उलटवणे बेभान माणसाला जमत नाही. रंगमंचाची जाण असलेल्यालाच ते जमते.

आणि १६ मे १९७४ ची ती टेप. न्यू यॉर्कच्या ‘बॉटम लाइन’मध्ये गिटारवादक राय कूडरचा कार्यक्रम संपल्यावर यंग अचानक मंचावर आला आणि एकट्याने तासभर गायला. ‘ऑन द बीच’ अजून निघायचा होता. त्यातली गाणी त्या रात्री लोकांनी प्रथम ऐकली. श्रोत्यांतल्या कुणीतरी ते टिपले आणि ती चोरटी टेप २०२२ मध्ये अधिकृत प्रकाशन होईपर्यंत जगभर फिरली. तथाकथित काळोख्या काळाच्या ऐन मध्यात हा माणूस गप्पा मारतो आहे, हसतो आहे, ‘ॲम्ब्युलन्स ब्लूज’सारखे लांबलचक गाणे एका गिटारवर अखेरपर्यंत सांभाळून नेतो आहे. ही टेप प्रत्येक निष्ठावंत चाहत्याच्या कपाटात होती, आणि तरी सिद्धान्त तसाच राहिला.

दुःखच सर्जन करते, असे म्हणणाऱ्यांनी ‘होमग्रोन’चेही उत्तर दिले पाहिजे. अभिनेत्री कॅरी स्नॉडग्रेसशी, आपल्या मुलाच्या आईशी, ताटातूट होत असताना १९७४-७५ मध्ये केलेला हा अल्बम. सिद्धान्ताप्रमाणे हाच सर्वांत मोठा ठरायला हवा होता, कारण इथली जखम सर्वांत खासगी. यंगने काय केले? मित्रमंडळींना तो आणि ‘टुनाइट्स द नाइट’ पाठोपाठ ऐकवले. ‘द बँड’च्या रिक डँकोने दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला आणि ‘होमग्रोन’ बासनात गेला. तो निघाला थेट जून २०२० मध्ये. आपल्याला तो ऐकवतच नव्हता, असे यंगने तेव्हा सांगितले.

हे कोडे उलगडायला मला आपल्याच परंपरेतला एक वाद उपयोगी पडतो. क्रौंचवधाने वाल्मीकीचा शोक श्लोक झाला, असे आनंदवर्धन म्हणतो, आणि आपण ते वाक्य ‘कवीला दुःख झाले म्हणून काव्य झाले’ असे सोपे करून टाकतो. त्याच्या ग्रंथावरच्या ‘लोचन’ टीकेत अभिनवगुप्ताने नेमके हेच अडवले आहे. हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये, कारण स्वतःच्या दुःखाने होरपळणाऱ्याची अशी अवस्था होत नाही. शोक आस्वाद घेण्याजोगा व्हावा लागतो, एकाचा न राहता साऱ्यांचा व्हावा लागतो, तेव्हा तो करुणरस होतो. ‘होमग्रोन’ यंगला स्वतःलाच ऐकवत नव्हता, तो मुनीचा शोक होता. ‘टुनाइट्स द नाइट’मधला शोक पाच जणांनी एका खोलीत वाटून घेतला, त्याला नेपथ्य दिले, रात्रीमागून रात्री मंचावर उभा केला, दोन वर्षे बाजूला ठेवला, मग बांधला. व्हिटन आणि बेरी गेले नसते तर ही गाणी नसती, हे निर्विवाद. पण मृत्यू हा त्या गाण्यांचा विषय आहे, कर्ता नाही.

आणि दुःखच कर्ता असेल तर व्हिटनचा हिशेब कुणी मांडायचा? दुःख, व्यसन, एकटेपण, सगळे त्याच्याकडे यंगपेक्षा कितीतरी जास्त होते. प्रतिभाही होती. ‘आय डोन्ट वॉन्ट टु टॉक अबाउट इट’ हे गाणे त्याचे, १९७१ च्या क्रेझी हॉर्सच्या अल्बममधले. पुढे रॉड स्टुअर्टने ते जगभर नेले. हेरॉइनने व्हिटनला नवी गाणी दिली नाहीत, होती ती काढून घेतली. तालमीत उभा राहिलेला तो माणूस म्हणजे या सिद्धान्ताची खरी परीक्षा होती, आणि सिद्धान्त तिथे नापास झाला. तरीही तो पुढच्या पिढ्यांना शिकवला गेला. १९९४ मध्ये रॉक गायक कर्ट कोबेनने आत्महत्येपूर्वी लिहिलेल्या चिठ्ठीत यंगच्याच एका गाण्यातली ओळ होती, आणि त्या घटनेने यंग किती हादरला हे त्याने स्वतः सांगितले आहे. मंचावरच्या माणसाचा तोल जाताना पाहून ‘आता खरे गाणे येणार’ म्हणून सावरून बसणाऱ्या श्रोत्यांना मला एवढेच विचारायचे आहे, की आपण गाण्याची वाट पाहतो आहोत की पडण्याची?

राहिले ते तिसरे गाणे. ‘टुनाइट्स द नाइट’ लावाल तेव्हा एकदा ‘कम ऑन बेबी लेट्स गो डाउनटाउन’पासून सुरुवात करा. ही नोंद मार्च १९७० ची, न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्टमधली. या शोकाच्या अल्बमवर यंग तिथे मागे सरून साथ करतो. पुढे उभा राहून गातो आहे तो डॅनी व्हिटन, खणखणीत आणि सुरात.